हात न लावलेला फोटो

४ ऑक्टोबर

मास्तर,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तुम्ही ओळखलं असणारच. फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी पुढच्या पाच-सहा ओळी तेवढ्या वाचा.

मैदानावर पळून आल्यावर तुमच्या बायकोचं, माझ्या धाकटीचं तोंड सुजतं, त्याला कारण आहे. ब्रेड, बिस्किट, टोस्ट असं गव्हाचं काहीही खाऊन थोड्या वेळात पळलं, तर काही माणसांच्या अंगावर ते उलटतं. नुसतं खाल्लं तर काही होत नाही, नुसतं पळलं तरी काही होत नाही. दोन्ही एकत्र आलं की तोंड सुजतं, आणि एखाद्या वेळी आतून घसाही सुजतो. मग श्वास अडकतो आणि माणूस जाऊही शकतो. तिला अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे न्या, आणि तोवर तिला पळू देऊ नका.

झालं. आता फाडलंत तरी माझी हरकत नाही.

मावशी सांगत होती की या महिन्याच्या शेवटच्या रविवारी धाकटी दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरणार आहे. ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. परवा माझ्या फोटोच्या दुकानात एका माणसाच्या अर्जाला दुसऱ्याच माणसाचे फोटो देऊन बसले. फोन करावा तर सहा वर्षांपूर्वीच तिने माझा नंबर बंद केला. मागच्या आठवड्यात तिला पत्र टाकलं, तर 'घेणार नाही' असं पाकिटावर लिहून परत आलं. मावशीला मध्ये घातलं, तर धाकटी म्हणाली, "तिच्या तोंडचं मला काही सांगू नकोस, मावशी." म्हणून हे तुम्हाला, पोहण्याच्या तलावाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुम्ही तिथे दाराशी तिकिटं फाडता असं मावशी म्हणाली. शाळेत इतक्या पोरींना पळायला शिकवलंत, आणि आता तिकिटं. असो, तो आजचा विषय नाही.

मला हे कसं कळलं म्हणाल, तर माझ्या एका गिऱ्हाइकाला झालं होतं.

झालं गेलं मी उगाळत बसत नाही. धाकटी बहीण सुजलेलं तोंड घेऊन समोर उभी राहते आणि म्हणते, 'पळाले म्हणून सुजलं.' यावर कोण विश्वास ठेवील? शाळेकडे फोटो मी पाठवला तो काळजीपोटी. माझ्या जागी कुठलीही बहीण असती तरी तिने तेच केलं असतं.

तुमची,
काय लिहू? पूर्वी तुम्ही ताई म्हणायचात.


९ ऑक्टोबर

मास्तर,

उत्तर आलं नाही. त्याची वाट बघत नव्हते असं लिहिणार होते, पण रोज दुपारी टपालवाला समोरच्या औषधाच्या दुकानात शिरला की मी काउंटर पुसायला घेते, हे खरं.

काल मावशी दुकानात येऊन गेली. तुम्ही पत्र वाचलंत आणि धाकटीपुढे ठेवलंत म्हणे. ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला झालं? हिला गिऱ्हाइकाच्या घशाची काळजी कधीपासून?" पत्र बाजूला सारलं, दोन बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि बूट घालून मैदानावर गेली. मावशीने हे सहज सांगितलं. माझ्या हातातली कात्री खाली पडली.

धाकटी मला ओळखून आहे. गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं. ते तोंड माझं होतं.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखर वाढली आहे, रोज चालायला लागा. मी म्हटलं, वीस वर्षं लोकांच्या हनुवट्या वरखाली करते आहे, तेवढा व्यायाम पुरे नाही का? डॉक्टर हसले नाहीत. मग रोज सकाळी चहाबरोबर तीन टोस्ट खाऊन बागेत फेऱ्या सुरू केल्या. रमतगमत चालत होते तोवर ठीक होतं. मग एका बाईने हिणवलं, "एवढ्या वेगाने गेलात तर साखर तुम्हाला गाठेल हो." मला चेव आला. भराभर चार फेऱ्या मारल्या. आधी तळहात खाजले, मग ओठ जड झाले. काहीतरी चावलं असेल म्हणून तशीच येऊन दुकान उघडलं.

तुम्हाला आमचा आरसा आठवतो? गिऱ्हाइकांनी केस नीट करावेत म्हणून त्याला दोरीने कंगवा बांधलेला आहे तो. त्यात बघितलं, तर एक डोळा मिटलेला आणि वरचा ओठ नाकाला टेकलेला. मास्तर, मी ते तोंड ओळखलं. सहा वर्षांपूर्वी ते याच आरशात धाकटीच्या खांद्यांवर होतं.

तेवढ्यात वाचनालयातल्या बाई ओळखपत्राच्या फोटोसाठी आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागचं दार हळूच लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "घरी कुणी हात उचलतं का हो?"

"छे हो, मी चालायला गेले होते."

"हो का. चालायला." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली.

"अहो, माझ्या घरात मी आणि फ्रिज. फ्रिज मारत नाही हो," मी म्हटलं, तर बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. जितकं खरं सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं. ती मान हलवणं मला पाठ आहे, कारण धाकटी बोलत होती तेव्हा मी अगदी तशीच हलवली होती. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, ते उगाच नाही.

असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा घसाही सुजला. बागेच्या बाकावर बसले आणि श्वास आत जाईना. माळ्याने कुणाच्या तरी गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तिथे इंजेक्शन दिलं म्हणून आज हे लिहिते आहे. तपासण्या झाल्यावर अॅलर्जीच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?" मी नाही म्हणाले. दारापर्यंत गेले, परत फिरले आणि म्हणाले, "बहिणीला." त्यांनी विचारलं, "मग तिला सांगितलंत?"

आणखी एक सांगायचं आहे, म्हणजे तुम्हाला माझा निरोप खरा वाटेल. शाळेला लिहिलेल्या पत्रात मी म्हटलं होतं की धाकटी माझ्याकडे रडत आली. ती हसत आली होती. मैदानावरून थेट, घामाघूम, बुटांना माती. म्हणाली, "ताई, बघ ना, कशी दिसतेय मी! डॉक्टरांकडे पोचेपर्यंत उतरतं गं हे, मग ते म्हणतात तुम्हाला काही झालेलंच नाही. पटकन एक फोटो काढ, त्यांना दाखवते." फोटो तिने मागितला होता, आणि तो डॉक्टरांसाठी होता. चार दिवसांनी ती न्यायला आली तेव्हा मी सांगितलं की कॉम्प्युटर बिघडला, फोटो उडाला. तिने माझीच समजूत काढली, "जाऊ दे, पुन्हा सुजलं की येईन." तेव्हा तो फोटो शाळेच्या वाटेवर होता.

तो डॉक्टरांच्या हातात पडला असता तर हे सगळं सहा वर्षांपूर्वीच कळलं असतं.

मला लाज वाटते, मास्तर. आज एवढंच लिहवतं.

ताई


१३ ऑक्टोबर

मास्तर,

आज मावशीचा फोन आला. तुम्ही दुसरं पत्र धाकटीला वाचून दाखवलंत. ती ऐकत होती म्हणे, शेवटपर्यंत. मग एकच प्रश्न विचारला, "शाळेच्या कमिटीपुढे फोटो ठेवला तेव्हा त्यात माझा डावा डोळा खालून निळा पडलेला होता. मी स्वतः बघितला. अॅलर्जीने डोळा काळानिळा होतो का, विचार तिला."

नाही होत. सूज येते, लाल होतं, खाज येते, पण निळं पडत नाही. मी डॉक्टरांना विचारलं आहे. आणि त्या एका डोळ्यापायी धाकटी माझं खरं मानायला तयार नाही, शेवटच्या रविवारी बिस्किटं खाऊन पळणार आहे. म्हणजे आता मला सुटका नाही. माझा जीव गेला असता तरी मी हे सांगितलं नसतं. पण इथे जीव माझा नाही.

ते निळं मी घातलं.

लोकांच्या तोंडावरचे डाग काढणं हे माझं रोजचं काम. काढता येतो तसा तो घालताही येतो, त्याला पाच मिनिटं लागतात. धाकटी गेल्यावर मी तो फोटो पडद्यावर मोठा केला. नुसती सूज होती. गाल दोन्हीकडे सारखे फुगलेले, आणि त्यावर ती हसते आहे. हसू अर्धं कापून टाकलं. डाव्या डोळ्याखाली आधी जांभळट आणि मग कडेने थोडं पिवळं घातलं. पिवळं का, तर काही दिवसांनी मार पिवळा पडतो. हे मला कुणी शिकवायला लागलं नाही.

मला ते कसं माहीत, हे तुम्ही विचारणार नाही, तुमचा स्वभावच नाही तो. पण मी सांगते. तुमचे साडू, ज्यांना सगळे देवमाणूस म्हणत, त्यांचा हात चालायचा. महिन्याकाठी एकदा, कधी दोनदा. मी सगळ्यांना सांगायची की कपाटाचं दार लागलं. आमच्या घरात एकच कपाट होतं, आणि लोकांना वाटत असेल की मी दिवसभर त्यातच राहते. दुकानाचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करावा लागतो, त्याला माझाच फोटो मी काढायची आणि भुवईखालची खूण पुसून टाकायची. सफाईने पुसायची. आजवर कुणालाही दिसली नाही.

आता कळलं ना, धाकटी 'पळाले म्हणून सुजलं' म्हणाली तेव्हा मी मान का हलवली? मला वाटलं, हिचं कपाट मैदानावर आहे, एवढाच फरक. इथवरचं मी स्वतःला माफ केलं असतं. चुकीची समजूत झाली, कुणाचीही होते.

पण मास्तर, त्याच्या पुढचं असं की मला आतून ठाऊक होतं. ती हसत होती. मार खाल्लेली बाई अशी हसत नाही. हे माझ्याइतकं कुणाला कळणार होतं? तुम्ही तिला पहाटे उठवून मैदानावर न्यायचात, ती दमली की तिच्या बुटांच्या नाड्या सोडायचात, आणि ती हे सगळं माझ्या दुकानात बसून सांगायची. मी ऐकायची आणि फोटो कापायची. धाकटीच्या वाट्याला चांगला माणूस आला आणि माझ्या वाट्याला तसला, हे मला सोसत नव्हतं. तुम्हीही तसेच असावेत, असं मला वाटत होतं. नव्हतात, म्हणून मी तुम्हाला तसं केलं.

मुलींना शिकवणाऱ्या माणसावर बायकोला मारल्याचा आळ. शाळेने तुम्हाला काढलं. कमिटीपुढे ती निळा डोळा बघून गप्प झाली, असं मावशीकडून तेव्हा कळलं होतं. मला वाटलं होतं की ती चिडेल, भांडेल. पण तिला स्वतःच्याच तोंडाचा भरवसा वाटेनासा झाला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पत्र कुणाचं ते कमिटीने सांगितलं नाही, पण फोटोमागचा पडदा माझ्या दुकानातला आहे एवढं तिने ओळखलं आणि माझा नंबर बंद केला.

साडू गेले तेव्हा धाकटी आली नाही. तुम्ही आलात. फाटकापाशी उभे राहिलात, बराच वेळ, आणि न बोलता निघून गेलात. मी खिडकीतून बघत होते. तुम्हाला आत बोलावलं नाही.

सोबत दोन प्रिंट आहेत. एक शाळेत गेला तो, आणि दुसरा खरा, ज्यात धाकटी हसते आहे. खरा मी कधी पुसला नाही, का ते माझं मलाच माहीत नाही. डॉक्टरांना तो दाखवा, ओळखतील. याच दोन प्रिंट आणि हीच कबुली आज शाळेच्या मोठ्या बाईंनाही रजिस्टर पोस्टाने पाठवली. पावती सोबत आहे, म्हणजे हेही माझं काही नवीन नाटक वाटायला नको.

माफी मागत नाही. मागायला तोंड हवं.

ताई म्हणू नका वाटलं तर.


२२ ऑक्टोबर

मास्तर,

ती आली होती.

सकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, म्हणून ती दाराशी थांबली. मी वळायच्या आधी आरशानेच ती मला दाखवली. केस कापले आहेत, पांढरेही झालेत थोडे, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या माणसाला फोटोपुरता दुकानातला कोट मी घातला तो उलटा घातला. तो बिचारा म्हणाला, "बाई, बटणं पाठीवर आली." ती हसली नाही, पण ओठ दाबले.

तिची पाळी आल्यावर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अॅलर्जीच्या कार्डासाठी फोटो हवाय. गहूच निघाला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन आणि कार्ड कायम जवळ ठेवा."

सहा वर्षं मी मनात काय काय घोळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते, "डोकं जरा डावीकडे."

"रविवारी?" फोटो झाल्यावर मी विचारलं.

"यंदा नाही पळत. टाळ्या वाजवायला जाणार. पुढच्या वर्षी बघू. डॉक्टर म्हणालेत की नीट सांभाळलं, कुणी बरोबर असलं तर हळूहळू जमेल."

मी कॉम्प्युटरकडे वळले. तिच्या गालावर एक बारीक पुटकुळी होती. सवयीने हात तिकडे गेला. ती स्टुलावरून उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली होती.

"आहे तसा राहू दे."

मी हात काढला. म्हटलं, "माझं चुकलं गं."

"ते मास्तरांना सांग. शाळेत जाऊन सांग. मला काय सांगतेस?" पडद्यावरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "तू एवढी निळी का असायचीस ते मी लहान असताना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं." मग एकदम आवाज चढवून, "म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस हं."

"नाही समजत."

"तुझंही कार्ड करायचं असेल ना? मग बस."

मास्तर, त्या स्टुलावर मी टायमर लावून पुष्कळदा बसले आहे, पण कॅमेऱ्यामागे दुसरं कुणी असताना कधी नाही. कॅमेरा तिला चालवता येतो, शाळेत होती तेव्हा सुट्टीत माझ्या हाताखाली असायची. म्हणाली, "हनुवटी वर. एवढी नको. अगं, नीट बघ की इकडे. लाज वाटत असल्यासारखी काय बसलीस?"

"वाटतेच आहे."

तेवढ्यात तिने बटण दाबलं. तिचे फोटो तिनेच कापून घेतले आणि निघाली. दारातून म्हणाली, "मास्तर शनिवारी येणार आहेत. तू येशील की ऐन वेळी ताप आणशील?"

मोठ्या बाईंचं पत्र मलाही आलं आहे. शनिवारी चार वाजता, त्याच खोलीत, कमिटीपुढे. मी येणार. तुमची जागा ते परत देतील का, मला माहीत नाही. सहा वर्षं तर कुणी परत देऊ शकत नाही. पण ज्यांनी तो निळा डोळा बघितला, त्यातले जे अजून आहेत त्यांच्या समोर मी उभी राहीन आणि तो कसा घातला ते हाताने करून दाखवीन. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललात तर बोललात. नाही बोललात तरी शाळेच्या फाटकापाशी यावेळी मी थांबेन.

सोबत माझा फोटो पाठवते आहे, धाकटीने काढलेला. डाव्या भुवईखाली बघा, तिरकी रेघ आहे. ती तुम्ही कधी बघितली नसेल, कारण समोरासमोर मी पावडर लावते आणि फोटोत पुसते. ती कपाटाच्या दाराची नाही. या फोटोत ती आहे तशी ठेवली आहे.

ताई